कारल्याच्या बियांसाठी रजा

लग्न होऊन पापनाशमहून मी कुंभकोणमला आले, त्याच वर्षीच्या पौषातली ही गोष्ट. सासूबाईंनी परसात कारल्याचा मांडव घालायचं ठरवलं होतं. बियांची टोकं नखानं खुडून त्यांनी त्या भिजवल्या, ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि भाताच्या कणगीत पुरून ठेवली. तीन दिवस झाले तरी मोड नाहीत.

"ऊब पुरत नाही," त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी मामंजी तापानं फणफणत घरी आले. ते सरकारी कचेरीत कारकून होते. सासूबाईंनी काढा दिला, कांबळं पांघरलं, कपाळाला हात लावला आणि जरा विचार करून पुरचुंडी त्यांच्या पोटावर ठेवली.

"हे काय?"

"कारली."

मामंजींनी पुरचुंडी पोटावर नीट सरकवून घेतली. वैद्य आले, त्यांना तो लेप वाटला. हुंगून म्हणाले, "चांगलं आहे, काढू नका."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सासूबाईंनी फडकं सोडून पाहिलं, तर दोनच बिया तडकलेल्या. त्या इतक्या हिरमुसल्या की मामंजींना बघवेना. "मी अजून दोन दिवस पडतो," म्हणाले आणि दुसरं कांबळं मागवलं.

पण खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उताणं पडूनच त्यांनी रजेचा अर्ज लिहिला: प्रकृती ठीक आहे, परंतु घरच्या कारल्याच्या बियांना ऊब देत असल्यामुळं उठता येत नाही.

"अहो, नोकरी जाईल," सासूबाई म्हणाल्या.

"खरं आहे तेच लिहिलंय."

संध्याकाळी कचेरीतला शिपाई आला. मी दाराआड उभी राहिले. गोऱ्या साहेबानं रजा मंजूर केली होती आणि सोबत एक पाकीटही धाडलं होतं. शिपाई तमिळमध्ये म्हणाला, "साहेबांच्या विलायती भोपळ्याच्या बिया आहेत. बंगल्यावर रुजत नाहीत. जागा असली तर याही ठेवाल का, विचारलंय."

मामंजींनी पोटाकडं पाहिलं. "उजवीकडं सरकारच्या ठेवा," ते सासूबाईंना म्हणाले, "घरच्या डावीकडं सरकवा."

दुसऱ्या दिवशी तिरुवलंचुळीहून त्यांची आत्या भेटायला आली. "काय होतंय रे तुला?"

"मला काही नाही. सरकारला मोड येत नाहीत."

ताप डोक्यात गेला असं समजून आत्या उशाशी बसली आणि दिवेलागणीपर्यंत मोठ्यानं विठ्ठलाचं नाव घेत राहिली. पुरचुंड्या घसरतील म्हणून मामंजी हलले नाहीत.

पाचव्या दिवशी आमच्या सगळ्या बियांना मोड आले. साहेबाच्या कुजल्या. मामंजी फार खजील झाले. मोड आलेल्या आमच्या दोन बिया केळीच्या पानात गुंडाळून ते स्वतः बंगल्यावर देऊन आले. साहेबानं त्या व्हरांड्याशी लावल्या. वेल जोमानं चढले. पहिलं कारलं त्यानं हौसेनं चाखलं आणि त्यानंतरची सगळी शिपायाच्या हाती आमच्याकडं यायला लागली. परत पाठवणं बरं दिसेना. सबंध उन्हाळा आम्ही दोन्ही घरची कारली खाल्ली.