पालथं फुलपात्र

मोतीशेठ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कांद्याच्या चाळीत कांदा निवडत होतो. हातातला कांदा तसाच धरून बसून राहिलो. रडू आलं नाही. नुसता शीण आला... खेडचा घाट, चाकणची गर्दी, दवाखान्यासाठी रोजचे पुण्याचे हेलपाटे; त्यांच्याबरोबर मीही झिजलो होतो.

नारायणगावात त्यांचं किराणा दुकान, मी वारूळवाडीचा धनगर. दोस्ती शाळेपासूनची. शेठ पक्के जैन. दिवस मावळला की तोंडात पाण्याचा थेंब नाही. चौविहार म्हणतात त्याला. मावळतीला पाणी पिऊन फुलपात्र खिडकीत पालथं घालायचे, ते सकाळीच सुलटं व्हायचं. अन् सुपारीसुद्धा न खाल्लेल्या या माणसाच्या जिभेच्या मुळाशी, उजवीकडं, कॅन्सरची गाठ निघावी! देवाघरी न्याय नाही, असं मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किरणं दिली की लाळ आटेल, रात्रंदिवस घोटघोट पाणी प्यावं लागेल. शेठ गाठीबद्दल काही बोललेच नाहीत. "बाई, माझा नेम मोडंल. थोडी तरी लाळ ऱ्हाऊ द्या."

बाई हसल्या नाहीत. कानाखाली दोन्हीकडं लाळेच्या ग्रंथी असतात. उजवी वाचायची नाही. डावीला किरणं कमीत कमी लागतील असं बघते, पण तुम्ही जराही हलायचं नाही, असं त्यांनी समजावलं. किरणं देताना तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवायचे. बाकीचे पेशंट घाबरे व्हायचे. रोज सामायिकाला, म्हणजे त्यांच्या ध्यानाला, डोळे मिटून बसणारा आमचा माणूस हलतोय कशाला!

तरी पहिले काही महिने तोंडाला कोरड ती कोरडच. जीभ टाळ्याला चिकटायची. त्यांच्या जैन साधूंनी, महाराजसाहेबांनी, रात्रीच्या पाण्याची सूट दिली, ती यांनी घेतली नाही. मी वैतागलो. "प्या की राव! कुणासाठी जीव जाळताय?"

"तू लई वरडू नगं. भांडाया बी लाळ लागती."

हळूहळू डाव्या गालात ओल आली. पोरासारखे खूश झाले.

पण दुखणं उलटलंच. शेवटच्या भेटीत दिवस नुकता मावळला होता. ओठ पार सुकलेले. मला बघवेना. मी पाण्याचा चमचा पुढं केला. त्यांनी नको म्हणून मान हलवली, डाव्या गालाला बोट लावलं.

"हाय की अजून... पुरंल."

परवा शेठच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. मावळतीला त्यांनी खिडकीतलं शेठचं फुलपात्र पुसलं, पालथं घातलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पाणी देऊ का, भाऊ?"

घशाला कोरड पडली होती.

"ऱ्हाऊ द्या वहिनी," म्हणालो, अन् आवंढा गिळला.