आक्का आणि फोनवरचे साहेब

समस्त सोलापूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी माझ्या थोरल्या बहिणीला अटक होणार होती. गुन्हा, इन्कमटॅक्स बुडवणे. आरोपीने उभं आयुष्य अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलांच्या कडा शिवल्या होत्या आणि इन्कमटॅक्स हा प्रकार फक्त बातम्यांत ऐकला होता.

मी तिच्याकडे जेवायला पोचलो तेव्हा आरोपी परातीपुढे बसून भाकरी थापत होती. फोन स्पीकरवर, पिठाच्या डब्याला टेकवलेला. शेजारी बँकेचं पासबुक. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिने जमवलेलं सगळं त्या एकाच खात्यात होतं. ते गेलं असतं तर आक्का पुन्हा धड चालली नसती.

"पोलीस निघालेत, मॅडम," फोनमधला म्हणत होता. "कुणाशी बोलायचं नाही. ओटीपी आला की सांगा, केस मिटवून टाकतो."

मी तिच्या कानाशी वाकलो. "आक्का, ठेव फोन. चोर हाय त्यो."

"गप बस. साहेब ड्युटीवर हायत."

मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: टॅक्सवाले लेखी नोटीस पाठवतात, फोनवर ओटीपी मागत नाहीत. आक्काने चष्मा लावून ते वाचलं, पान उलटं केलं आणि माझ्याकडे डोळे वटारले. "ह्यात संकष्टी हुती की रं."

आणि फोनकडे वळली. "साहेब, किती जण येताय? तेवढ्या भाकरी टाकते. शेंगाची चटणी चालती न्हवं?"

"काही नको. ओटीपी आला का?"

"उन्हाचं येताय. ताक तरी घ्या."

"ताक नको."

"मग चहा टाकते."

"अहो, चहाबिहा काही नको आम्हाला. नंबर सांगा."

आक्का थांबली. तव्यावरची भाकरी करपत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. तिने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिठाच्या बोटाने फोन बंद केला. माझ्या लेखणीचा हा पहिलाच विजय. मी मनातल्या मनात हार घालून घेतला.

आधी बँकेत कळवलं, मग तिला रिक्षात घालून सायबर पोलिसांकडे नेलं. हवालदारांनी तो नंबर लिहून घेतला. असा फोन आला की वाद घालत बसू नका, सरळ ठेवून द्या, असं बजावलं आणि आक्कापुढे चहाचा कप सरकवला.

"पण मावशी, खोटा आहे हे ओळखलं कसं तुम्ही?"

मी घसा खाकरला, कॅलेंडरचं पान खिशातून काढलं. तेवढ्यात आक्का चहा बशीत ओतत बोलून गेली, "आमच्या दारात मीटरवाला आला, जनगणनेच्या बाई आल्या, कोर्टाचा बेलीफसुद्धा येऊन गेला. चहाला नको म्हणणारा सरकारी माणूस मी आजपातूर बघितला न्हाय की."