कारल्यांच्या कुंच्या

हनीफभाईंचं भद्रकालीत शिलाईचं दुकान होतं. ते मशीनवर झरझर शिवत. त्यांची बायको ताहेराबी ते कपडे घरी उजेडात धरून पाही आणि एखादा टाका सैल दिसला की सरळ शिवण उसवी.

"गिऱ्हाईक उघडं पडेल, तुमचं काय जातंय?" असं म्हणत हातानं पुन्हा शिवी.

छत्तीस सालच्या श्रावणात या बाईच्या परसातल्या कारल्यांना माशी लागली. तिचं परसू आणि आमचं, मध्ये कमरेएवढी भिंत. तिची लेक मासूमा इगतपुरीला रेल्वेतल्या जावयाकडे असे. पहिलटकरीण, भाद्रपदात माहेरी येणार. तिचा निरोप आला होता, 'इकडे पावसानं वेल कुजतो. अम्माच्या वेलाची भरली कारली खायचीत.' आणि इथे प्रत्येक कारलं कोवळेपणीच पिवळं पडे. चिरलं की आत अळ्या. राख टाकून झाली, कडुलिंबाचा पाला उकळून शिंपडला. माशी ढिम्म.

"वहिनी, बाजारची घातली तर पहिल्या घासाला ओळखेल हो ती!" ताहेराबी भिंतीपलीकडून मला म्हणाली.

बाळ जन्मायच्या आधी त्याचं काही शिवायचं नाही, असं ताहेराबी मानी. त्यामुळे तिची बोटं शिवशिवतच होती. तिनं दुकानातल्या उरल्यासुरल्या मलमलीच्या नाडीवाल्या पिशव्या शिवल्या आणि इवलं कारलं धरलेल्या एकेका कळीला चढवल्या. हनीफभाईंनीही एक शिवून दिली.

"बारसं कधी गं?" समोरच्या अक्काबाईंनी विचारलं.

"तुम्ही पाळणा पाठ करून ठेवा!"

पण पिशव्या फुगेनात. सोडून पाहिल्या तर आत वाळलेल्या कळ्या. एक तेवढी फुगली होती. तिच्यात हिरवंगार कारलं!

"माझ्या हाताची बरकत," हनीफभाई म्हणाले.

"बरकत कसली! शिवण उसवलीये, दोन बोटं जातील," ती म्हणाली आणि तिथेच थबकली. मी भिंतीवरून उघड्या फुलांकडे बोट दाखवलं. एक मधमाशी या फुलातून त्या फुलात चालली होती.

ताहेराबीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! नवरदेव दाराशी, आणि मी आतून कडी घालून बसले!"

मग रोज सकाळी ती उमलत्या फुलाची नाडी सोडून चहाचा कप घेऊन वेलाशी बसे. "ये गं बाई, लाजू नकोस." मधमाशी येऊन गेली की नाडी पुन्हा घट्ट.

मासूमा टांग्यातून उतरली ती कमरेवर हात ठेवून वेलाकडे बघतच राहिली.

"अम्मा, बाळाला एक लंगोट नाही, आणि कारल्यांना फुलाफुलांच्या कुंच्या?"

"ती जन्मलीत," ताहेराबी म्हणाली आणि एकेक कुंची उतरवू लागली. आत लखलखीत कारली, एकालाही डाग नाही. जेवायला बसल्यावर मासूमानं आपल्या पानातली संपवली आणि बापाच्या पानात हात घातला. हनीफभाईंनी पानच पुढे सरकवलं.

त्यांच्या पिशवीतलं कारलं ताहेराबीनं बियांसाठी वेलावरच राखलं. उसवलेली शिवण मात्र तिनं केव्हाच हातानं घालून टाकली होती.

"असं उघडं कसं ठेवू?" ती म्हणाली.