अर्धं जातं

मी बाळाला घेऊन सासर सोडलं, त्या दिवशी तळोद्याकडं जाणाऱ्या बैलगाडीत एक बाई माझ्या शेजारी बसली होती, नाव काही मी विचारलं नाही. मांडीवर जात्याची नुसती वरची तळी आणि हात खुंट्यावर, गाडी हलली की हात आपोआप फिरायचा, जशी दळतेच आहे. मी म्हटलं, खालची तळी कुठंय?

"नवराकडे शे," ती म्हणाली. "फारकत झायी. जातं आम्हना दोन्हीसनं व्हतं, मंग पंचेसनी आरधं आरधं वाटी दिन्हं." आणि हसली. "आते त्यालेबी दळता येत नही, मालेबी नही."

बाळ अंगावर पीत होतं. मी भीत भीत विचारलं, "आणि लेकरू?"

तिचा हात थांबला. "अंगवर पेस तंवलोंग मायनं. दूध तुटनं का बापनं. मन्हं लई गया तो."

म्हणजे पितंय तोवरच लेकरू आईचं. मी पदर ओढून घेतला.

पुढं माझीही फारकत झाली. बाळ आता भाकर खातं, अंगणभर पळतं, बाया मला हसतात, दूध तर कधीचंच आटलंय, तरी दारात कोणी आलं की मी बाळाला ओढून पदराखाली घेते.