दुसऱ्या गटाचे पेशंट

डॉक्टरबाईंना कुणी "कशा आहात?" विचारलं, की त्या "आहे आपली" एवढंच म्हणत. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी ऐकल्यावर स्वतःचं दुखणं सांगायला माणसाच्या अंगात त्राण उरत नसावं. इस्त्रीच्या दुकानाशेजारचा त्यांचा दवाखाना एका संस्थेचा होता. बाहेर बाकं, आत टेबल, स्टूल आणि पडद्यामागे तपासायची खाट. गोवर झाला म्हणून कधीकाळी कडेवर आलेली पोरं आता स्वतःची पोरं घेऊन तिथे येत.

संस्थेच्या मनात आलं, की प्रत्येक पेशंटला मोजकीच मिनिटं द्यायची. बाईंचा तिळपापड झाला. पण मीटिंगमध्ये भांडून घसा बसण्यापलीकडे काही होत नाही, हे त्या पुरतं ओळखून होत्या. म्हणून निवृत्ती तोंडावर आलेली असताना बाईंनी संशोधन करायचं मनावर घेतलं. हौस बघा!

गुडघेदुखीचे पेशंट घेतले, त्यांना सगळं समजावलं आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. पहिल्या गटाशी निवांत बसून बोलायचं. दुसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे तपासायचं, गोळ्या द्यायच्या, पुढचा पेशंट. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांना दुखण्याचं विचारायचं. आकडेमोड धाकट्या बहिणीकडे. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची.

"ताई, दोन्ही गटांना सारखाच आराम पडलाय गं," बहीण म्हणाली. "फरक काही नाही."

बाईंचा चेहरा पडला. तरी त्यांनी निमूटपणे लेख लिहून एका मासिकाला पाठवला. संपादकांनी तो परत धाडला. सोबत सूचना जोडल्या होत्या. गल्लीतल्या दवाखान्यात झालेलं संशोधन लिहिताना काय काय सांगितलंच पाहिजे, त्याच्या त्या सूचना होत्या. बाई वाचूनच दमल्या.

रविवारी दुपारी दोघी बहिणी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. चहा गार होऊन साय धरली होती.

"हे बघ," बहीण वाचू लागली, "नेहमीचे उपचार म्हणजे तुमच्याकडे नेमकं काय, कुणी दिले, किती वेळ दिला, ते लिहा. डॉक्टर आणि पेशंटची आधीची ओळख किती, तेही लिहा. टाक दोन ओळी आणि हो मोकळी."

घोडं नेमकं तिथेच अडलं. बाईंनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"अगं, मी त्या गटालाही वेळ दिला," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"शिंपीकाका दुसऱ्या गटात होते. गुडघा दाखवायला आले, तेव्हा काकू जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. त्यांना काय गोळ्या देऊन उठवू? मग फुलवाली आली, तिचं सुनेशी वाजलेलं. मग काय, सगळ्यांशीच बोलत बसले."

बहिणीनं कपाळाला हात लावला. "दोघांना एकच वाढलंस आणि मला चवीतला फरक शोधायला बसवलंस! धन्य आहे तुझी!" मग तिचा आवाज खाली आला. "ताई, हे लिहिलंस तर छापणार नाहीत गं. नुसतं 'तपासून गोळ्या दिल्या' असं लिही. कोण बघायला येतंय?"

"आणि छापून आलं की संस्था म्हणेल, जास्त वेळ देऊन काही होत नाही, तुमच्याच डॉक्टरबाईंनी सिद्ध केलंय. माझ्याच नावानं माझ्याच पेशंटांचा वेळ कापतील."

"मग एवढ्या मेहनतीवर पाणी सोडायचं?"

आपलं नाव एकदा तरी छापलेलं दिसावं, असं बाईंना फार वाटायचं. तरी त्यांनी लिहिलं, की दुसऱ्या गटातल्या पेशंटांना मी वर्षानुवर्षं ओळखते; त्यांना ठरल्याप्रमाणे लवकर उठवणं मला जमलं नाही, म्हणून दोन्ही गटांना जवळपास सारखाच वेळ मिळाला. लिहून झाल्यावर त्यांनी गार चहा तसाच पिऊन टाकला.

व्हायचं तेच झालं. मासिकानं गोड शब्दांत नकार कळवला. संस्थेनं कुणाच्याही पुराव्याची वाट न बघता नियम लागू केला आणि बाईंच्या टेबलासमोर भलंमोठं घड्याळ टांगलं.

त्याच आठवड्यात शिंपीकाका आले. स्टुलावर बसून विजारीचा पाय वर सारू लागले.

"आमच्या गुडघ्यांचं आलं का छापून?"

"नाही आलं, काका. माझ्याच हातून घोळ झाला."

काकांनी मान वर करून बाईंकडे नीट पाहिलं. बाहेर बाकं गच्च भरली होती, कुणीतरी खोकत होतं. काकांनी विजार खाली केली, स्टूल पुढे ओढलं आणि घड्याळाकडे पाठ करून बसले.

"गुडघा काही पळून जात नाही," ते म्हणाले. "तुमचं सांगा. कशा आहात?"

बाई नेहमीसारखं "आहे आपली" म्हणायला गेल्या आणि त्यांना रडू कोसळलं. काका जागचे उठले नाहीत.