मोटारीचे प्लग आणि आमची नाव

‘बसतो ना? मग झालं.’ हे वाक्य ऐकलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

आमचं गाव भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडं. राजूरचा बाजार, एस.टी., दवाखाना, सगळं अलीकडं. मधे पाणी. गावकऱ्यांनी वर्गणी काढून मुंबईच्या बंदरातून नावेला मागं लावायचं एक जुनं इंजिन आणलं होतं. दोरी ओढायची आणि चालू करायचं. नाव माझा चुलता चालवायचा. मी घरातला पहिला पदवीधर, राजूरला मास्तर. रोज त्याच नावेनं जायचो-यायचो.

त्या इंजिनाला ठिणगी पाडणारे दोन प्लग लागत. मूळचे खराब झाले तेव्हा काकानं एका मोडक्या मोटारीचे आणून बसवले. त्यांचे आटे लांब. तसेच पिळले असते तर टोक आत जाऊन दट्ट्यावर आपटलं असतं. मग राजूरच्या मेकॅनिकनं तोड काढली, प्रत्येक प्लगाखाली एकेक जादा वायसर. बसले. झालं.

झालं काय? माझी अक्का पहिलटकरीण, माहेरी आलेली. कळा सुरू झाल्या तशी तिला नावेत घातली. निम्म्या पाण्यात इंजिन तापलं, वायसरवरचा एक प्लग सैल झाला, फसफस करून सगळा जोर बाहेर गेला. वल्ही मारत आम्ही काठाला लागलो तेव्हा फार उशीर झाला होता. मूल गेलं. बाया म्हणाल्या, नशीब. काका म्हणाला, नशीब. मी म्हणालो, वायसर. तेव्हापासून घरात मी वाईट.

पुढच्या साली अक्का पुन्हा माहेरी आली. दुष्काळाचं साल ते. नगरकडं लोक खडी फोडत होते, आमच्याकडं पाणी तेवढं होतं. दिवस दसऱ्याच्या सुमाराचे. मी ठरवलं, या वेळी प्लग मी आणणार.

इंजिनावरची नंबराची पट्टी झिजून गेलेली. पण पान्यांच्या डब्यात मूळच्या प्लगांतला एक, टोक मोडलेला, सापडला. तो रुमालात बांधून संगमनेरला गेलो. दुकानदारानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. स्कूटरचे दोन पुढं सरकवले.

“शेठ, आटे मोजा. यांची आतली चिनीमातीची नळी बघा, आमच्या मूळच्या प्लगापेक्षा किती आखूड आहे. आमच्या पेट्रोलात ऑइल जास्त असतं. ते जाळण्याइतकी नळी तापली नाही, तर काजळी धरून ठिणगी मरते.”

“मास्तर, पोरांना शिकवा. इंजिनाला कशाला शिकवता? बसतो ना?”

“शेठ, तुमच्या पायात माझी चप्पलही बसेल. चालून दाखवा.”

तो हसला. मी हसलो नाही. शाळेत रजा टाकली आणि घोटीवरून नाशिक गाठलं. तिथंही चार दुकानांत तेच ऐकलं. पाचव्या दुकानात मात्र दुकानदारानं माझा मोडका प्लग काउंटरवर उभा करून त्याच्याशेजारी नवा उभा केला. आटे तेवढेच. नळी तेवढीच. ठिणगीची फट घरी येऊन पत्र्याच्या पट्टीनं मापून घेतली.

दोरीच्या पहिल्या हिसक्याला इंजिन लागलं. काका एवढंच म्हणाला, “लागलं, पर टिकतंय का बघू.” मोटारीचे जुने प्लग त्यानं वायसरांसकट बंडीच्या खिशात ठेवून दिले. दिसतील असे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, नुकतं उजाडलं असताना अक्काला कळा लागल्या. पाण्यावर धुकं उतरलेलं. आईनं अक्काला गोधडीवर टेकवून बसवलं, मी दोरी ओढली. नुसतंच फटफटलं. पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

“घ्या,” काका म्हणाला. “मास्तराचं नाशकाचं पलग. आमचं मोटारीचं निदान निम्म्या पाण्यापातुर तरी गेल्तं.”

त्या वाक्याला मी आजवर माफ केलेलं नाही. अक्का समोर बसलेली, ओठ दाबून. त्यानं खिशातून ते दोन प्लग काढून माझ्यापुढं धरले.

“हे घाल गपगुमान.”

“खिशात ठेव, न्हाईतर पाण्यात टाकीन.”

“आरं, पोरीचा जीव हाय.”

“म्हणूनच सांगतो, खिशात ठेव.”

इंजिनाचं टोपण काढलं. दोरी ओढताना पाहिलं तर ठिणगी आत जातच नव्हती. प्लगाच्या पांढऱ्या चिनीमातीवरून निळी रेघ बाहेरच्या बाहेर उतरत होती. त्या चिनीमातीवर हळदीकुंकवाची बोटं उठली होती, धुक्यानं भिजून ओली पिठी झालेली. खंडेनवमीला नांगर, कोयते, वल्ही पूजतात तसं कुणीतरी इंजिनही पुजलं होतं. आणि वरून नव्हे, टोपण उघडून, थेट प्लगाला. सणामुळं तेव्हापासून नाव निघालीच नव्हती.

“कुणी लावलं हे?” माझा आवाज डोंगरावर जाऊन परत आला. काका म्हणाला, म्या न्हाई. आई खाली बघायला लागली.

“म्या लावलं,” अक्का म्हणाली. “गेल्या साली पुजायचं राह्यलं हुतं.”

एक वर्ष ती हे मनात धरून बसली होती. वायसर आम्ही घातले, दोष तिनं स्वतःकडं घेतला. माझा राग तिच्यापर्यंत पोचेना. मधल्यामधे काकावर, मेकॅनिकवर, नशीब म्हणणाऱ्या सगळ्या गावावर फुटत राहिला. सदऱ्याच्या आतल्या कोरड्या टोकानं मी दोन्ही प्लग पुसायला लागलो.

“समदं पुसू नगंस रं,” ती म्हणाली.

“वर लावतो, अक्का. आत न्हाई चालत.”

सदऱ्याला लागलेलं कुंकू मी टोपणाच्या पत्र्यावर बोटानं ओढलं. टोपण बसवलं, दोरी ओढली. इंजिन लागलं.

गेल्या साली जिथं बंद पडलो होतो तिथं अक्कानं टोपणाच्या पत्र्यावर हात ठेवला आणि काठ लागेपर्यंत काढला नाही. चटके बसत असणार. दवाखान्यात दुपारच्या आत भाची झाली. रडायला लागली तशी आई भिंतीला टेकून खाली बसली.

परत येताना नावेत मी आणि काकाच होतो. म्हणाला, “पोर गोरी हाय.” गेल्या साली बंद पडलो होतो त्याच जागी मी इंजिन बारीक केलं आणि हात पुढं केला. त्यानं खिशातून काढून दिले. दोन प्लग, दोन वायसर. मी एकेक करून पाण्यात टाकले.

“पैशे पडले हुते,” काका म्हणाला.

“व्हय,” मी म्हणालो, आणि इंजिन वाढवलं.