एक ठिपका मोकळा

नांदगावहून लग्न होऊन मी नाशिक रोडच्या कॉलनीत आले, तेव्हा मला रांगोळी म्हणजे दारात चार रेघा आणि वर हळदकुंकू, एवढंच येत होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र दारादारांत चढाओढ. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "हे काय, कोंबडी नाचून गेली का?" असा राग आला मला! पण बोलते कोणाला, रेघ खरंच फेंगडी होती.

समोरच्या काकूंनी ते ऐकलं. संध्याकाळी हाक मारली, "ये गं, बस. हात दे इकडे." गुढीपाडव्याला गोदाकाठी जी मोठी रांगोळी निघते, तिला आमच्या कॉलनीतून एकच बाई जाते. ती बाई दरवर्षी काकूच. त्यांनी माझा अंगठा नि बोट धरून चिमूट कशी सोडायची ते दाखवलं. "मनगट नको हलवूस, सगळा हात फिरव." जुन्या कॅलेंडरच्या पानाला उदबत्तीनं भोकं पाडून ठिपक्यांचा कागद करायला शिकवलं. पंधरा ते आठ म्हणजे मधली ओळ पंधराची आणि वर-खाली एकेक कमी होत आठपर्यंत, हेही मला त्यांनीच सांगितलं. चार वर्षं रोज संध्याकाळी मी त्यांच्या दारात उकिडवी बसले. आईला फोनवर जे सांगत नव्हते ते त्यांना सांगितलं.

आणि एक नियम त्यांनी पहिल्या महिन्यातच शिकवला होता. "सगळे ठिपके जोडायचे नाहीत हं. एक मोकळा ठेवायचा. पूर्ण रांगोळीला दृष्ट लागते."

"तुमचा कुठाय, काकू?"

"ते सांगायचं नसतं. सांगितलं की गुण जातो."

मी कशाला मोजतेय त्यांचे ठिपके! मी आपली इमानेइतबारे रोज कडेचा एक ठिपका सोडायचे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "आमच्यात नाही बाई असलं काही." मनात म्हटलं, तुम्हाला माझं काही चांगलं बघवतच नाही.

चौथ्या वर्षी कॉलनीनं ठरवलं, पाडव्याला कोण जाणार हे स्पर्धा घेऊन ठरवायचं. मला जायचं होतं. लय जायचं होतं. आईनं तर नांदगावहून यायचं तिकीटही काढून ठेवलं होतं, लेकीची रांगोळी गोदाकाठी बघायला. काकू म्हणाल्या, "तूही उतर की. माझे गुडघे आता राहिलेत कुठे?" मी त्यांच्या पाया पडून पार्किंगमधल्या माझ्या चौकोनात बसले. एकवीस ते अकरा. कमळं आणि मोर. उठले तेव्हा पायांना मुंग्या आलेल्या, पण रेघ अशी की मीच बघत राहिले.

परीक्षक म्हणजे चित्रकलेचे निवृत्त सर. माझ्या रांगोळीपाशी ते बराच वेळ वाकून उभे राहिले. मग म्हणाले, "हात फार सुंदर आहे. पण बाई, ठिपका सुटलाय. ठिपक्यांच्या रांगोळीत पहिली गोष्ट तीच बघतात."

"सुटला नाही सर, ठेवलाय. दृष्ट लागू नये म्हणून."

आजूबाजूच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "हे कुणी सांगितलं हो तुम्हाला?" मी काकूंकडे बघितलं. त्या पदराचं टोक घेऊन आपल्या चौकोनाची कड साफ करत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचे ठिपके मोजले. ओळीनं, एकेक. सगळे जोडलेले होते.

पाडव्याला काकूच गेल्या. मी आईला तिकीट रद्द करायला सांगितलं.

रात्रभर वाटत राहिलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. सकाळी गेलेच त्यांच्याकडे. "काकू, असं का केलंत?"

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, घरी ठेव म्हटलं होतं. स्पर्धेत ठेव असं कुठे म्हटलं?" मग पुढची जुडी ओढत, "सगळंच तुला दिलं असतं तर माझ्याकडे काय राहिलं असतं?"

केसानं गळा कापला हो माझा! सासूबाई निदान तोंडावर तरी बोलायच्या. ही बाई पहिल्या महिन्यापासून, माझी रेघ फेंगडी होती तेव्हापासून, ते पेरून बसली होती. मी भांडले नाही. रडले मात्र पोटभर, बाथरूमचा नळ सोडून.

गेल्या दिवाळीनंतर काकू जिन्यात पडल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि चार दिवसांवर मुलीचं डोहाळजेवण. दाराशी येऊन म्हणाल्या, "तूच घालशील का गं? तुझ्याशिवाय कोणाचा हात मला पटत नाही."

मी गेले. एकवीस ते अकरा, कमळं आणि मोर. तीन तास बसले. पाहुण्या बायका फोटो काढायला लागल्या. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि बघता बघता त्यांची नजर मधोमध येऊन थांबली.

"अगं, एक ठिपका राहिलाय."

"राहिला नाही, काकू. ठेवलाय. दृष्ट लागू नये म्हणून."

त्यांनी डाव्या हातानं रांगोळीचा डबा माझ्यापुढे धरला. मी हात धुवायला आत गेले.